पॅशन, प्लस का प्रो?

लोणंदला पोरगं हुशार आहे का नाही हे ओळखायची एक जुनी रीत आहे. त्याला आडतीवर बसवायचं. हमाली, तोलाई तोंडी वजा करून पट्टी बिनचूक लिहिली तर पोरगं हुशार. आणि तीच पट्टी हातात देताना समोरच्या शेतकऱ्याला काहीच गेल्यासारखं वाटलं नाही, तर फार हुशार. मी कांद्याच्या एका आडतीवर दिवाणजी म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. त्यावरून मी पहिल्या गटात बसतो हे उघड आहे. दुसऱ्या गटात असतो तर आडत माझी असती.

ही रीत आता मोडीत निघाली हे मला गेल्या जूनमध्ये कळलं. माझी भाची दहावीला चौऱ्याण्णव टक्के घेऊन अकरावी सायन्सला गेली, आणि ताईनं मोबाईलवर पुण्याच्या कुण्या मॅडमचं फुकटातलं वेबिनार लावलं. विषय होता ‘चांगल्या कॉलेजात प्रवेश कसा मिळवाल?’ आम्ही सगळे चुलीभोवती बसावं तसे त्या मोबाईलभोवती बसलो. मॅडम म्हणाल्या, नुसत्या मार्कांना आता कोणी विचारत नाही. बाहेरच्या देशांतली कॉलेजं तर नाहीच, आपल्याकडची नवी खासगी विद्यापीठंही नाही. मुलाची प्रोफाइल पाहिजे. रिसर्च पाहिजे, लीडरशिप पाहिजे, सोशल इम्पॅक्ट पाहिजे. “आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पॅशन पाहिजे.”

दाजी तोवर गप्प होते. ते म्हणाले, “पॅशन? प्लस का प्रो?”

दाजींनी विनोद केला नव्हता. त्यांच्याकडं वीस वर्षांपूर्वीची पॅशन प्लस आहे. पुढं दुधाची किटली आणि मागं खताची पिशवी असं तिनं हे घर उभं केलेलं आहे. अशी गाडी पोरीकडंही पाहिजे म्हणत असतील तर त्यांना ते रास्तच वाटलं. ताईनं डोळे वटारले आणि मोबाईलचा आवाज वाढवला.

पुढच्या आठवड्यात मॅडमशी समोरासमोर, म्हणजे पुन्हा मोबाईलवरच, बोलणं झालं. “तुझी पॅशन काय, बाळा?” भाची म्हणाली, बायोलॉजी आवडतं. मॅडम म्हणाल्या, “ते सगळ्यांनाच आवडतं. काहीतरी हटके सांग.” भाचीनं आठवून आठवून सांगितलं की तिला पोहता येतं, विहिरीत, वरून उडी मारून. मॅडमनी लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून वाटलं की विहिरीला रकाना नव्हता.

मग सोशल इम्पॅक्ट निघाला. त्याच आठवड्यात माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला यायची होती. पालखी मुक्कामाला असते तेव्हा आमच्या गावात कुणी कुणाच्या घरी राहत नाही. प्रत्येकाच्या घरी वारकरी राहतात. ताईकडं दरवर्षी चाळीस-पन्नास माणसांचं जेवण असतं. भाची आठ वर्षांची असल्यापासून पाण्याचा हंडा घेऊन दिंडीत फिरते आणि म्हाताऱ्यांचे पाय चेपते. मॅडमना हे फार आवडलं. “व्हेरी गुड! आतापर्यंत किती तास झाले असतील?”

हा प्रश्न आमच्या घरात याआधी कुणाला पडला नव्हता. दाजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दाजींची आई, म्हणजे आमच्या घरची आजी, कोपऱ्यातून म्हणाली, “माऊलीच्या सेवेचं तास लावत्यात व्हय गं? मग पगारबी सांग म्हणावं तिला.” आजी नातीला ‘बेणं’ म्हणते. आमच्याकडं लाडानं, रागानं आणि कौतुकानं वापरायचा हा एकच शब्द आहे. “ये बेण्या, सांग तिला, तास न्हाई लागत.”

शेवटी मॅडमनी पॅकेज सांगितलं. दोन वर्षं, अडीच लाख, जीएसटी वेगळा. आमच्या गावात कुठलीही रक्कम ऐकली की माणूस आधी तिचा कांदा करतो. पंधराशेच्या भावानं अडीच लाख म्हणजे एकशे सहासष्ट क्विंटलच्या वर. तोही सगळा एक नंबर निघाला तर. त्यात गोल्टी, चिंगळी, बदला काहीच नाही असं धरून. पॅकेजात काय काय आहे हे दाजींनी नीट विचारून घेतलं. त्यात एक रिसर्च पेपर होता, छापून.

“कुणी करायचा?”

“आमची टीम गाईड करते ना.”

“मग पोरीनं काय करायचं?”

“तिचं नाव सगळ्यांत वर असतं.”

दाजींनी बोलणं आवरतं घेतलं. मला वाटलं, ही पुण्याची नवी टूम आहे. पण भाचीनंच शोधून सांगितलं की हे अमेरिकेतही चालतं. तिथल्या प्रोपब्लिका नावाच्या वृत्तसंस्थेनं २०२३ मध्ये यावर मोठा लेख लिहिला होता. तिथं शाळकरी पोरांना पैसे घेऊन संशोधनाला जुंपायचं, ते पोरांसाठीच काढलेल्या नियतकालिकांत छापून आणायचं, आणि ते दाखवून कॉलेजात जागा मिळवायची, असा रीतसर बाजार आहे. ऐकून दाजींना बरं वाटलं. आपलं गाव मागं नाही एवढं त्यांनी त्यातून घेतलं.

मला मात्र आमच्या बाजाराची एक गोष्ट आठवली. पेपरात बातमी येते, ‘कांद्याला उच्चांकी भाव’. ती वाचून लोक ट्रॅक्टर भरून आणतात. तो भाव मिळालेला असतो एका वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या एका ढिगाला. त्यात दोन-चार पिशव्या, प्रत्येक कांदा गोट्यासारखा निवडून ठेवलेला. बाकी सगळा आवार त्याच्या निम्म्यानं जातो. चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात तेही असेच असतात. नव्याण्णव पॉइंट कितीतरी पर्सेंटाईल, वर फेट्यातला फोटो. तो पोरगा म्हणजे ते वक्कल. उरलेला आवार कुठं गेला हे फ्लेक्सवर नसतं.

आता तुम्ही म्हणाल की नाव वर आणि काम दुसऱ्याचं ही पद्धत पुण्याहून आली. नाही. ती आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात फार पूर्वीपासून आहे, आणि मी स्वतः तिचा लाभार्थी आहे. १९९१ साली, आठवीत, मी ज्वालामुखी केला होता. केला होता म्हणजे माझ्या थोरल्या भावानं केला होता. थर्माकोलचा डोंगर, आत प्लास्टिकचा पेला, त्यात खायचा सोडा, कुंकवानं लाल केलेला. वरून व्हिनेगर ओतायचं असं पुस्तकात होतं. लोणंदला तेव्हा व्हिनेगर नावाची वस्तू कुठल्याच दुकानात नव्हती. सरांनी डोकं चालवलं आणि चार लिंबं पिळायला लावली. परीक्षक आले, मी ओतलं, आणि लाव्हा थोडा फसफसून डोंगराच्या पायथ्याशी सरबतासारखा साचला. एका परीक्षकांनी विचारलं, “यामागचं तत्त्व काय?” मी म्हणालो, “सर, भावाला माहितीये.” मला उत्तेजनार्थ मिळालं.

त्या वेळी एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही. ज्या काळ्या फरशीवर मी तो थर्माकोलचा डोंगर मांडला होता, ती फरशीच लाव्हा होती. अख्खा सातारा जिल्हा, अजिंक्यतारा, पांडवगड, आमच्या विहिरीत शंभर फुटांवर लागतो तो पाषाण, सगळा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला रस आहे. दख्खनचं पठार म्हणतात ते हेच. म्हणजे मी खऱ्या लाव्ह्यावर उभा राहून खोटा लाव्हा ओतत होतो, आणि विहीर खणणारे आमचे वडार पाहुणे, ज्यांना दगडाचा एकेक थर नावानिशी ठाऊक होता, ते प्रदर्शनाच्या मांडवाला खुंट्या ठोकत होते.

ज्वालामुखीची जागा आता जेसीबीनं घेतली आहे. चार सिरिंज, सलाईनची नळी, त्यात लाल आणि निळं पाणी; दाबलं की पुठ्ठ्याचा हात वर येतो. तालुक्याला मी एकदा एका रांगेत सात जेसीबी बघितले. एवढे तर आमच्या खडीक्रशरवर नाहीत. सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यावर दहा हजार रुपये येतात, आणि कल्पना मुलाची स्वतःची पाहिजे अशी अट असते. अट पाळली जाते. कल्पना मुलाची असते, मुलाला ती वडिलांनी दिलेली असते, आणि वडिलांना यूट्यूबनं. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा स्पर्धा सहावी आणि नववीला असते. तिच्यात लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर मुलाला स्वतःच्या भवतालातला एखादा प्रश्न घेऊन कृतिसंशोधन करावं लागतं आणि मुलाखतीत त्यावर बोलावं लागतं. ही खरी चांगली कल्पना. भाची नववीत लेखीलाच अडकली, नाहीतर ते संशोधन ताईनं बऱ्यापैकी केलं असतं.

परीक्षांच्या बाबतीत आमचा मुहूर्तच चुकतो. भाची आठवीत होती तेव्हा मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून तिच्यासाठी एनटीएसईचं जाडजूड पुस्तक आणलं, जुनं, निम्म्या किमतीत. निम्म्या किमतीत का, ते नंतर कळलं. १९६३ पासून चालत आलेली ती परीक्षा २०२१ नंतर थांबलेली होती. मग मी म्हटलं केव्हीपीवाय देऊ. १९९९ ला सुरू झालेली ती शिष्यवृत्ती २०२२ ला इन्स्पायरमध्ये विलीन झाली. मी पुस्तक घेतलं की परीक्षा बंद पडते असं ताईचं मत आहे, आणि आता तिनं मला नीटचं पुस्तक आणायला बंदी केली आहे. ऑलिंपियाड मात्र चालू आहेत. पण ऑलिंपियाड नावाच्याही दोन जाती आहेत. एक, जिच्यात वर्गातल्या चाळीस पोरांना बेचाळीस पदकं मिळतात. दुसरी, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची, जिच्यातून एकेका विषयाला देशभरातली चार-सहाच पोरं आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातात. दुसरीची पहिली चाळणी नोव्हेंबरात असते आणि नोंदणी त्याच्या दोन-तीन महिने आधी. लोणंदला ती कळते डिसेंबरात.

तेव्हा भाचीनं स्वतःच्या अकलेनं शास्त्रज्ञांना मेल लिहायला घेतले. एकेचाळीस मेल. पहिल्याला तीन दिवस लागले, शेवटच्या विसांना मिळून एक तास, कारण नुसतं नाव बदलायचं होतं. त्या गडबडीत एका बाईंना ‘रिस्पेक्टेड सर’ गेलं, आणि कर्करोगावर काम करणाऱ्या एकांना ‘मला लहानपणापासून कृष्णविवरांची ओढ आहे’ असं गेलं. चार उत्तरं आली. त्यातली दोन यंत्रानं पाठवलेली. साहेब परदेशी होते. तिसऱ्यांनी लिहिलं की आमच्याकडं एमएस्सीच्या खाली घेत नाहीत. भाचीचा चेहरा पडला तेव्हा मी तिला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. १९३३ साली बंगलोरला सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही, शेवटी रामन यांनी अटी घालून घेतलं, आणि १९३९ ला त्या केंब्रिजहून डॉक्टर होऊन आल्या. पुढं त्यांनी नीरेवर संशोधन केलं. “आपल्या नीरेवर?” आजीनं विचारलं. आमच्या इथं नीरा म्हटलं की नदी, नाहीतर स्टेशन. मी सांगितलं की ती नीरा वेगळी, झाडाची, प्यायची. आजीचा त्या बाईंबद्दलचा आदर जरा उतरला.

चौथं उत्तर एका ओळीचं होतं. ‘तुझं पत्र वाचलं. तुला नेमका कोणता प्रश्न पडला आहे?’

घरात शांतता पसरली. मेलमध्ये सगळं होतं. मार्कशीट होती, फोटो होता, निबंध स्पर्धेचं आणि सूर्यनमस्काराचं प्रमाणपत्र होतं. प्रश्न तेवढा नव्हता. मग आम्ही सगळे प्रश्न शोधायला लागलो. तसा आमच्या घरात प्रश्नांना तोटा नाही. भावकीच्या बांधाचा आहे, पाइपलाइनचा आहे, दाजींच्या गुडघ्याचा आहे. यातला एखादा देऊन टाकावा असं दाजींचं मत पडलं.

मला जयंत नारळीकरांची आठवण झाली. कोल्हापूरचा हा माणूस; मुलं सही मागायला आली की सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, एक पोस्टकार्ड घे, त्यावर तुला पडलेला प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. पुण्याच्या आयुकात त्यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अजूनही पोरांना हात घालून बघायची मुभा आहे. त्या इमारतीला पु. ल. आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठाननं पैसे दिले. पण २० मे २०२५ ला नारळीकर गेले, आणि आमच्या घरात प्रश्नाची गरज उभी राहिली जूनमध्ये. म्हटलं ना, मुहूर्त.

तरी मी हट्टानं पोस्टात गेलो. म्हटलं, या चौथ्या शास्त्रज्ञांना उत्तर पोस्टकार्डावरच पाठवू, तेवढंच हटके. पन्नास पैशांचं कार्ड मागितलं तर खिडकीतल्या माणसानं मान वर करून, आवाज खाली आणून विचारलं, “कोण गेलं?”

प्रश्न सापडला तो पाडेगावच्या वाटेवर. लोणंदहून नीरेकडं जाताना डाव्या-उजव्या हाताला उसाची शेतं लागतात, तिथंच पुढं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे, १९३२ पासूनचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडं आहे ते. आमच्या भागातला प्रत्येक माणूस तिथं कधी ना कधी गेलेला आहे, आणि एकजण सांगणार नाही की मी संशोधन केंद्रात गेलो होतो. सगळे सांगतात, उसाचं बेणं आणायला गेलो होतो. दाजी बेण्याची चौकशी करायला पॅशनवरून निघाले, मागं भाची बसली. म्हणजे बेण्यालाच घेऊन बेण्याला गेले, असं आजी म्हणाली.

तिथल्या वाफ्यांतल्या आकड्यांच्या पाट्या बघून भाची चक्रावली. ऊसवाल्याला आकडे पाठ असतात, जावयाचा मोबाईल नंबर नसेल इतके. ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’, ‘दोनशे पासष्ट’. तिनं दाजींना विचारलं, शहाऐंशी म्हणजे काय? दाजींनी आयुष्यभर ते लावलं, तोडलं, कारखान्याला घातलं, पण हे विचारलं नव्हतं. को ८६०३२ मधलं ‘को’ म्हणजे कोइमतूर आणि ८६ म्हणजे १९८६ साल. पाडेगावच्या फुले २६५ चं पाळण्यातलं नाव कोएम ०२६५. तिथलं ०२ म्हणजे २००२. संकर कोइमतूरला करतात, कारण तिकडं उसाला तुरा चांगला येतो आणि बी धरतं. ते बी इकडं येतं, त्याची हजारो रोपं होतात, आणि मग वर्षानुवर्षं एकेक रोप बाद करत करत शेवटी एखादं उरतं. त्याला नाव मिळतं. “म्हणजे बाकीच्या हजारांचं काय होतं?” भाचीनं विचारलं. दाजी म्हणाले, “क्लासच्या फ्लेक्सवर नसत्यात ती.” (हा विनोद माझा होता. त्यांनी ढापला.)

परत आल्यावरही ती गप्प होती. मी तिला म्हटलं, एवढं बघितलंस तर फलटणला निंबकरांची संस्थाही बघ. २०१९ पासून लोणंदहून फलटणला रेल्वेसुद्धा जाते, आणि तिच्यात जागा मिळते. १९६८ साली काढलेली ती संस्था, माळरानावर. तिथं सुंदरबनातली बुटकी गारोळ मेंढी आणून आपल्या दख्खनीशी संकर केला. गारोळच्या अंगात एक असं जनुक आहे की तिला एका वेळी दोन-दोन कोकरं होतात. ते जनुक आता आमच्या माळावरच्या मेंढ्यांत चरतंय. धनगराला जनुकाचं नाव ठाऊक नाही, कोकरं मोजता येतात.

भाची एकदम म्हणाली, “मामा, आजी आणि पप्पांचं एप्रिलमधलं भांडण कशावरून झालं होतं?”

कांद्यावरून. दुसऱ्या कशावरून होणार? गरवा कांदा काढला तेव्हा दाजींनी बायकांना सांगितलं, पात बुडापासून कापा, बाजारात गोल दिसतो. आजीचं म्हणणं, बोटभर मान ठेव, नाहीतर कांदाचाळीत टिकत नाही. शब्दाला शब्द लागला. आजी उन्हात जाऊन बसली आणि निम्म्या कांद्याची पात स्वतः उभी राहून आपल्या पद्धतीनं कापून घेतली. चाळीचा उजवा कप्पा आजीचा, डावा दाजींचा. दोघं अबोल्यानं आपापला कप्पा भरत होती. शास्त्रज्ञाला असा प्रयोग मांडायचा तर दोन वर्षं आणि अनुदान लागलं असतं. आमच्याकडं तो सासू-सुनेच्या नव्हे, माय-लेकाच्या भांडणात फुकट मांडून झाला होता.

प्रश्न गेला. आता पोस्टकार्डावर नव्हे, मेलवर. मला जास्त ताणता आलं नाही. ‘मान ठेवून कापलेला कांदा चाळीत खरंच जास्त टिकतो का, आणि टिकतो तर किती?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मोजायला सुरुवात कर, आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची माहिती वाचून काढ.

प्रत्येक कप्प्यातून वीस-वीस किलोचे दोन क्रेट काढले. आडतीवरचा जुना काटा मी घरी नेला. दर रविवारी वजन करायचं, मग एकेक कांदा हातात घेऊन बाजूला काढायचा: सडलेला, कोंब आलेला, काजळी धरलेला, चांगला. पहिल्या रविवारी तिला कळलं की एकही कांदा न सडता वजन घटतं. तिला वाटलं काटा खोटा आहे; आडतीवरचा म्हटल्यावर तो संशय साहजिक होता. मग वाचून समजलं की चाळीतला कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातलं पाणी उडत राहतं. आम्ही बाजारात याला ‘घट’ म्हणतो आणि तिच्यावरून शिव्या देतो. ती श्वास असते हे माहीत नव्हतं.

लोणंदचा माणूस कांदा आणि डोळ्यांतलं पाणी यावर विनोद करत नाही. तो आम्ही पेपरवाल्यांच्या मथळ्यांसाठी सोडलेला आहे. पण जपानमध्ये मसाले करणाऱ्या एका कंपनीच्या लोकांनी नेमका याचाच छडा लावला. कांदा चिरल्यावर डोळे चुरचुरवणारा वायू ज्यामुळं तयार होतो तो विकर त्यांनी हुडकला, २००२ साली ‘नेचर’मध्ये छापला, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल इग नोबेल मिळवलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. भाचीनं हे घरात वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “त्येनला दुसरं काम नव्हतं का?” आणि थोड्या वेळानं, “बक्षीस किती मिळालं?”

तिसऱ्या आठवड्यात राजगुरुनगरची माहिती वाचताना भाची रडकुंडीला आली. तिथं स्वच्छ छापलं होतं: पात कापताना दोन ते अडीच सेंटीमीटर मान ठेवावी. “मामा, उत्तर आधीच आहे. हे तर छापलेलंय!”

“मी न छापता सांगत हुते,” आजी म्हणाली.

मी तिची समजूत काढली की तिथला कांदा तिथला, आपली चाळ आपली, दाजींचं बूड कापणं तर जगात कुठंच नाही. ते तिला पटलं. माणूस संशोधक झाला की काहीही पटतं.

आषाढ सरत आला. आमच्याकडं आखाड तळतात. पाऊस झडीचा, बाहेर जाववत नाही, आणि आजीला भजी घालायची होती. चाळीत जाऊन खालचे उपसण्यापेक्षा क्रेट दारातच होते, वर कागदी चिठ्ठी लावलेले, कांदेही चांगले निवडलेले. रविवारी भाचीनं काट्यावर क्रेट ठेवला तेव्हा पावणेदोन किलो कमी भरला. तिनं वहीत आधी ‘असामान्य घट’ लिहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आली आणि ते खोडून लिहिलं, ‘नमुना क्रमांक दोन: भजी.’ भजी उत्तम झाली होती हे मी साक्षीला सांगतो. आजीचीच बाजू, बोटभर मानेची.

हा धक्का सावरतोय तोवर भाव वधारला. आठवड्यात चारशेनं. दाजींनी पहाटे टेम्पो बोलावला आणि डावा कप्पा रिकामा केला. टेम्पो भरता भरता हमालानं विचारलं, ह्ये दारातलं दोन क्रेट? दाजी म्हणाले, टाक. भाची क्लासहून आली तेव्हा तिचा अर्धा प्रयोग लिलावात पुकारला जात होता. ती सायकलवर बाजार आवारात आली. रडत नव्हती, त्याच्या पुढची पायरी होती ती.

“पप्पा, तुम्ही माझा कंट्रोल ग्रुप विकला!”

दाजी गोंधळले. आमच्याकडं जुनी माणसं रेशनला अजून कंट्रोल म्हणतात. “कंट्रोलचा कुठला? आपला घरचाच कांदा हाय की!” आजूबाजूचे दोघं-तिघं मान हलवून दाजींच्या बाजूनं उभे राहिले, की पोरी, असा आळ घेऊ नये बापावर. रेशनचा माल आवारात आणला तर केस होते. मी मध्ये पडलो, पण कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे लिलावाच्या गलक्यात समजावून सांगणं मला जमलं नाही. शेवटी व्यापाऱ्याकडूनच त्या वक्कलातले चाळीस किलो परत विकत घेतले, बाजारभावानं. पट्टी मीच लिहिली. हमाली, तोलाई वजा न करता.

क्रेटवरच्या चिठ्ठ्या आता नसल्यामुळं ते नेमके तेच कांदे का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भाचीनं तसं वहीत लिहिलं. किती किलो गेले, किती परत आले, तेच कांदे असल्याची खात्री नाही, सगळं. मी म्हटलं, एवढं कशाला लिहितेस, गाळ की. ती म्हणाली की चौथ्या शास्त्रज्ञांनी कळवलंय, चुकलेलं आधी लिही. मला माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या आठवल्या आणि मी विषय बदलला.

ऑक्टोबरात चाळ रिकामी होत आली. वहीची चोपन्न पानं भरली होती. त्यातल्या चारांवर तेलाचे डाग. आजीच्या कप्प्यातला कांदा कमी सडला होता, पण तळाच्या क्रेटमध्ये दोघांचाही सारखाच सडला होता, आणि ते का, हे राजगुरुनगरच्या कागदात तिला सापडेना. तिनं पुन्हा मेल लिहिला. या वेळी एकच, आणि त्यात मार्कशीट जोडायची विसरली. मॅडमचा ताईला मधूनमधून फोन येतो, पॅकेजवर आता दिवाळीची सूट आहे म्हणून.

परवा मी गेलो तेव्हा आजी विळी मांडून बसली होती. हातात कांदा, दारात ठेवलेल्या क्रेटमधला. चिरायच्या आधी तिनं तो उलटासुलटा करून मान बघितली आणि आत हाक दिली, “ये बेण्या, ह्यो खायचा हाय का लिहायचा?”